विमानातून मटण-मासळी न्यायचीय? गिऱ्हाईकाला आधी तास विचारा

पहाटे चार पस्तीसला फोन वाजला. त्या वेळेला दुकानदाराला फोन आला की दोनच शक्यता असतात, एक तर मासळीचा टेम्पो कुठेतरी बंद पडलाय, नाहीतर फ्रीजरची लाइट गेलीय. ही तिसरी निघाली. फोनवर आमच्या नेहमीच्या गिऱ्हाईक वहिनी होत्या, पुणे विमानतळावरून. "ताई, खोका खालून ओला झालाय. काउंटरवाले घेत नाहीत म्हणतात. काय करू?"

मी काय सांगणार? विमान सहाचं, काउंटर बंद व्हायला पंचवीस मिनिटं. खोक्यात चार किलो कोळंबी आणि सुरमई, सगळं मीच पॅक केलेलं. सासऱ्यांचा पंचाहत्तरावा वाढदिवस मनालीत करायचा होता. चौदा माणसं, स्वयंपाकघर असलेला होमस्टे. सासरे मूळचे वेंगुर्ल्याचे. मनालीकडे ट्राउट मिळतो, चांगला मिळतो, पण या माणसाला वाढदिवसाला सुरमईच हवी होती. खोका शेवटी तिथेच राहिला. वहिनी ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाबा कोणाशी बोलत नाहीयेत."

मी मालाचे सगळे पैसे परत केले. पण ते कुटुंब पुढचे आठ महिने दुकानात आलं नाही. सिंहगड रोडला मासे-मटणाची दुकानं काय कमी आहेत?

चॅनेलवर गेल्या महिन्यात मी "ट्रॅव्हल पॅक"चा उल्लेख केला, तेव्हापासून तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलंय की हे नेमकं करायचं कसं. फ्रोझनचं छोटं दुकान टाकू बघणाऱ्यांना यात पैसे दिसतायत, आणि ते आहेतही. पण या कामाचं माझं सगळं शिक्षण त्या ओल्या खोक्यापासून सुरू झालं, म्हणून सुरुवातही तिथूनच केली.

मी काय चुकले होते ते सरळ सांगते. साध्या पॉलिथिनच्या पिशव्या, गाठ मारलेल्या. वर बर्फाचे खडे, तेही पिशवीत. सगळं एका पातळ थर्माकोलच्या खोक्यात. आणि माल मी दिला रात्री नऊला, दुकान बंद करताना. रात्रभर तो खोका त्यांच्या हॉलमध्ये पडून होता, कारण घरच्या फ्रीजरमध्ये तो मावणार कसा? म्हणजे विमानतळावर पोचायच्या आधीच सात तास गेले होते.

इथेच खरी गंमत आहे. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "अडीच तासांचं तर विमान आहे." आणि आपणही अडीच तासांचंच पॅकिंग करतो. आता पुणे ते मनाली मोजून बघा. विमान सहाला सुटतं, साडेआठच्या आसपास चंदीगडला उतरतं, सामान हातात येईपर्यंत सव्वानऊ. पुढे मनालीपर्यंत गाडीने आठ तास धरा, मध्ये जेवायला थांबणार, घाटात कुठेतरी ट्रॅफिक. होमस्टेच्या फ्रीजरमध्ये माल जायला संध्याकाळचे सहा. रात्री नऊपासून मोजलं तर एकवीस तास झाले. त्यात विमानाचे अडीच! बाकी सगळा वेळ हॉल, टॅक्सीची डिकी आणि विमानतळाचा पट्टा.

म्हणून आता कोणी ट्रॅव्हल पॅक मागितला की "किती किलो" हा माझा दुसरा प्रश्न असतो. पहिला प्रश्न हा: माझ्या फ्रीजरमधून तिकडच्या फ्रीजरमध्ये जायला किती तास? जे उत्तर येईल त्यात मी चार तास मिळवते. विमान उशिरा सुटतं, रस्ते बंद होतात, आणि माणसं प्रवासाचा वेळ नेहमी कमीच सांगतात.

त्यातले सहा तास तर मी जवळजवळ फुकटात वाचवले. आम्ही दुकानाच्या वरच राहतो. आता माल रात्री नऊला देत नाही, गिऱ्हाईक विमानतळाकडे निघताना पहाटे येऊन घेऊन जातं. मी अडीचला उठून खोका भरते, तीनला हातात देते. मनालीचे एकवीस तास पंधरावर आले, एक रुपयाचं सामान न वाढवता. झोप जाते, ते खरं. पण सीझनमध्ये आठवड्याला दोन-तीनच असे खोके असतात.

कमी माल लवकर वितळतो

पैसे परत केल्यानंतरच्या मे महिन्यात मी गिऱ्हाईकाला एकही खोका दिला नाही, फक्त चाचण्या केल्या. दोन प्रोब थर्मामीटर घेतले, ज्यांची सुई पाकिटांच्या मध्ये खुपसून ठेवता येते. खोके भरून आमच्या गाडीच्या डिकीत ठेवले, गाडी उन्हात. मिस्टर म्हणाले, आता ही गाडी कोण विकत घेणार? असो.

दोन खोके सारखेच, तीन सेंटीमीटर जाडीच्या भिंतींचे. एकात साडेआठ किलो गोठवलेला माल गच्च भरलेला, दुसऱ्यात तीन किलो आणि वर मोकळी जागा. वीस तासांनी पहिल्या खोक्यातलं मधलं पाकीट उणे चार अंशांवर होतं आणि कोपऱ्यातलं उणे एकवर, म्हणजे कडेने मऊ पण आत दगड. दुसऱ्यातला माल चौदाव्या तासालाच बोटाने दबायला लागला, आणि विसाव्या तासाला थर्मामीटर ११ अंश दाखवत होता. तो मी फेकला.

मला उलटं वाटलं होतं. थोडा माल, थोडी काळजी. पण विचार केला की पटतं. मांसात साधारण तीन-चतुर्थांश पाणीच असतं, म्हणजे गोठवलेलं मटण हाच तुमचा बर्फ. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यावरून ऐंशी अंशांपर्यंत तापतं. खोक्याच्या भिंतीतून दर तासाला येणारी उष्णता मात्र जवळपास ठरलेली असते, आत तीन किलो असो की आठ. जितका गोठलेला ऐवज जास्त, तितके तास जास्त.

यातून धंद्याचे दोन निर्णय निघाले. पहिला, सहा किलोच्या खाली मी लांबच्या प्रवासाचा खोका देत नाही. दुसरा निर्णय मला स्वतःला फार आवडतो. उरलेल्या जागेत आधी मी जेल पॅक कोंबायचे, ज्याचे गिऱ्हाईक पैसे देतं आणि तिकडे पोचल्यावर फेकतं. आता त्या जागेत गोठवलेलं वाटण जातं. ओल्या नारळाचं मालवणी वाटण, कांद्याचं भाजकं वाटण, पाव किलोच्या चपट्या पाकिटांत. तेही बर्फाचंच काम करतं, आणि सुट्टीवर गेलेल्या सुनेला मिक्सर शोधत बसावं लागत नाही. माझ्या दुकानात मटणापेक्षा वाटणावर मार्जिन चांगलं आहे, हे वेगळं सांगायला नको.

वाटणाचा विषय निघालाच आहे तर, गिऱ्हाईकाला हेही सांगा की सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका. सुकं खोबरं विमानाच्या नियमात ज्वलनशील मालात मोडतं आणि २०२२ पासून आपल्याकडे चेक-इन सामानात चालत नाही. मटण राहील बाजूला, खोबऱ्यासाठी बॅग उघडायला लावतील.

खोका कसा भरते

माल आधी किमान दोन दिवस उणे अठरावर असला पाहिजे. "काल रात्री टाकलाय, झाला असेल कडक" हे चालत नाही. बाहेरून कडक दिसतो, आत नसतो. फ्रीजरमध्ये एकदम दहा किलो ताजा माल कोंबला तर आधीचा गोठलेला मालही मऊ पडतो, म्हणून मी थोडा-थोडा टाकते. पाकिटं अर्ध्या किलोची, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची, ट्रेमध्ये सपाट ठेवून गोठवलेली. अशी पाकिटं पटकन गोठतात आणि खोक्यात विटांसारखी बसतात. मध्ये हवेला जागाच राहत नाही. गोळा करून बांधलेल्या पिशव्या म्हणजे बटाट्याचं पोतं, निम्मी जागा पोकळ.

व्हॅक्यूम पॅकिंग हवंच. पण मटणाच्या नळ्या आणि बरगड्यांची टोकं पिशवीला भोक पाडतात. ते भोक गोठलेलं असताना दिसत नाही, वितळल्यावर दिसतं. हाडाच्या टोकाला बटर पेपरची दुहेरी घडी लावायची, मग पिशवी. सुरमईच्या तुकड्यांना प्रश्न नसतो, खेकडे आणि अख्खे बांगडे मात्र मी देत नाही. काटे आणि नांग्या काय करतात ते एकदा बघितलंय, पुरे.

व्हॅक्यूमच्या पिशवीवर दुसरी सील केलेली पिशवी. मग सगळ्याला मिळून एक जाड मोठी पिशवी, आणि तिच्या तळाशी मेडिकलमध्ये मिळतो तो अंडरपॅड, आजारी माणसाच्या अंथरुणावर घालतात तो. ऐकायला विचित्र वाटेल, पण चुकून पाणी सुटलंच तर तो ते पिऊन घेतो. कोळंबीचं खारट पाणी ही विमानवाल्यांची खरी डोकेदुखी असते. विमानाचा सांगाडा बराचसा ॲल्युमिनियमचा, आणि खाऱ्या पाण्याने तो गंजतो. शेजारच्या बॅगेला वास लागतो तो वेगळाच. काउंटरवरच्या माणसाने माझा ओला खोका नाकारला, तेव्हा मी त्याला मनात बऱ्याच शिव्या घातल्या होत्या. तो बरोबर होता.

मग थर्माकोलचा खोका, झाकणाच्या फटीवर सगळीकडून टेप. आणि शेवटची गोष्ट, जी मला एका गिऱ्हाईकानेच शिकवली: तो खोका जुन्या कडक सुटकेसमध्ये ठेवायचा आणि भोवती कपडे, चादरी भरायच्या. भिंतीची जाडी आपोआप वाढते, खोका फुटत नाही, आणि चाकं असतात. आता मी माप घेऊनच खोके मागवते, मधल्या आकाराच्या सुटकेसमध्ये बसतील असे.

बिल सगळ्यात वर ठेवते. त्यावर "बोकडाचं मटण", "सुरमई" असं स्पष्ट लिहिलेलं, वजन आणि दुकानाचा एफएसएसएआय नंबर. एक्स-रेमध्ये गोठलेला ठोकळा काळा दिसतो आणि बॅग उघडून बघू शकतात, हे गिऱ्हाईकाला आधीच सांगून ठेवा म्हणजे ते घाबरणार नाही. आणि तुमचं रजिस्ट्रेशन नुसत्या कच्च्या मालाच्या विक्रीचं असेल, तर मसाला लावून, पॅक करून विकण्याआधी ते तपासून घ्या. लेबलवर पॅकिंगची तारीख, वापरायची मुदत आणि "उणे १८ अंशांवर ठेवा" हे हवंच.

ड्राय आइसबद्दल प्रत्येक बॅचमध्ये प्रश्न येतो. तो उणे ७८ अंशांचा असतो, ताकद जबरदस्त. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे एका प्रवाशाला अडीच किलोपर्यंत नेता येतो, पण विमान कंपनीची आधी परवानगी लागते, खोक्यावर "ड्राय आइस" आणि त्याचं वजन लिहावं लागतं, आणि खोका हवाबंद चालत नाही, कारण त्याचा वायू होतो आणि तो कोंडला तर खोका फुटू शकतो. मी तो वापरत नाही. चंदीगडपासून काचा बंद, एसी चालू, आणि डिकीत कार्बन डायऑक्साइड सोडणारा खोका, गाडीत दोन लहान मुलं... माझा जीव लागणार नाही. आणि वीस तासांपर्यंत त्याची गरजही पडत नाही.

खोक्यात एक कार्ड टाकते. त्यावर तीनच गोष्टी. पोचल्यावर पाकीट दाबून बघा: कडक असेल तर फ्रीजरमध्ये, मऊ पण बर्फासारखं गार असेल तर फ्रीजमध्ये ठेवून त्याच दिवशी शिजवा, कोमट असेल तर फेका आणि मला फोन करा. तिसऱ्या ओळीचे पैसे मी परत देते. माशासाठी एक जादा सूचना: वितळवताना व्हॅक्यूमच्या पिशवीचं टोक कापा. हवा नसलेल्या पिशवीत मासा वितळून पडून राहिला तर बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वास येईलच असं नाही. बऱ्याच मोठ्या दुकानांतही हे कोणी सांगत नाही.

आता पैशाचं

पहिल्या वर्षी मी पॅकिंगचे अडीचशे रुपये घ्यायचे. का? कारण अडीचशे बरे वाटले. बीबीएला कॉस्टिंगच्या पेपरात मला चांगले मार्क होते, हे इथे न लिहिलेलंच बरं.

नंतर कागदावर मांडलं. थर्माकोलचा खोका १८०. व्हॅक्यूमच्या सोळा पिशव्या, सहा रुपयांप्रमाणे ९६. मोठी पिशवी आणि अंडरपॅड ७०. चार छोटे जेल पॅक १४०, हे कोपऱ्यांसाठी अजूनही लागतात. टेप, लेबल, कार्ड ३०. दीड तासाची मजुरी १५०, आणि हो, ती मजुरी माझी स्वतःची असली तरी धरायची. दोन दिवसांच्या फ्रीजरचे ६०. झाले ७२६. त्यावर प्रत्येक खोक्यामागे ७५ रुपये मी बाजूला टाकते, परत द्यायची वेळ आली तर. एकूण ८०१. म्हणजे वर्षभर मी प्रत्येक खोक्यामागे जवळपास पाचशे रुपये खिशातून घालत होते आणि समजत होते की नवीन सर्व्हिस चाललीय!

आता ९९९ घेते, मालाची किंमत वेगळी. भाव सांगितल्यावर तीनातलं एक गिऱ्हाईक जातं. जाऊ दे. जे राहतं त्याला मी वजनाचंही गणित सांगते. देशांतर्गत विमानात बहुतेक तिकिटांवर चेक-इनला पंधरा किलो मिळतात. सुटकेससकट खोका बारा-तेरा किलोंच्या घरात जातो, म्हणजे घरातल्या एका माणसाचा पूर्ण कोटा. विमानतळावर जादा वजनाचे पैसे भरायची वेळ आली तर मटण दुप्पट महाग पडतं, आणि राग दुकानावर निघतो.

नाही म्हणायलाही शिकावं लागलं. परदेशाचा खोका मी घेत नाही. युरोपमध्ये बाहेरून मांस आणि दूध न्यायला प्रवाशांना बंदी आहे, अमेरिका आपल्याकडचं मटण उतरू देत नाही, ऑस्ट्रेलियात तर न सांगता नेलं तर मोठा दंड. लेकाकडे निघालेल्या एक मावशी माझ्यावर रुसल्या होत्या, तरीही नाही. एकाने हरिद्वारसाठी मागितला होता. हरिद्वार, ऋषिकेशला शहराच्या हद्दीत मांसाला बंदी आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यांचा तो प्लॅन मी वाचवला असं ते अजून म्हणतात. आणि जिथे पोचल्यावर फ्रीजर नाही, तिथे तर प्रश्नच नाही. "हॉटेलवाले ठेवतील की" हे उत्तर मी धरत नाही. गिऱ्हाईकाने माझ्यासमोर फोन लावायचा, फ्रीजर आहे का, रिकामा आहे का, आपलं मटण त्यात ठेवू देतील का हे विचारायचं. काही होमस्टेवाले शाकाहारी असतात, त्यांच्या स्वयंपाकघरात आपण परस्पर मासळी पाठवायची नाही.

त्या वहिनी गेल्या दिवाळीच्या आधी आल्या. माल घ्यायला नाही, बाहेर भाजीवाल्याकडे थांबल्या होत्या. मीच बाहेर गेले, माफी परत एकदा मागितली आणि डिकीतल्या चाचण्यांचं सगळं सांगितलं, थर्मामीटरसकट. त्या हसल्या आणि निघून गेल्या. पंधरा दिवसांपूर्वी फोन आला. यंदा सगळे लेहला चाललेत, पुण्याहून दिल्लीमार्गे. सासरे शहात्तरचे. डॉक्टरांना विचारून निघालेत, पहिले दोन दिवस आराम करायचा ठरलाय, सुरमई तिसऱ्या दिवशी.

तास मोजले, तेरा. अधिक चार, सतरा. होमस्टेच्या फ्रीजरचा फोटोच मागवून घेतला. माल साडेसात किलो: सुरमई, कोळंबी, बोकडाचं मटण, दोन प्रकारचं वाटण. मटणासाठी सांगून ठेवलंय की लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पाणी कमी तापमानाला उकळतं, तेव्हा उघड्या पातेल्यात शिजत बसू नका, कुकर लावा आणि शिट्ट्या वाढवा. पाकिटं मंगळवारपासून फ्रीजरमध्ये आहेत. गुरुवारी पहाटे अडीचला खोका भरताना कॅमेरा लावणार आहे, व्हिडिओ शुक्रवारी येईल. त्यात माझा चेहरा झोपेतला असेल, सांभाळून घ्या. तोवर ज्यांना हे काम सुरू करायचंय त्यांनी एक प्रोब थर्मामीटर आणि दोन रिकामे खोके आणून ठेवा. पहिली चाचणी आपण सगळे मिळून करू, माल मात्र स्वतःच्या पैशाचा, गिऱ्हाईकाचा नाही.